पाणी मागणारा वाटसरू

देशाटनाची थोरवी आमच्या वाडवडिलांनीं पुष्कळ वर्णिली आहे. परंतु देशाटन कोणत्या वाहनानें करावें ह्या प्रश्नाकडे त्यांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं, कारण त्यांच्यापुढें तो प्रश्नच नव्हता. पाय हेंच बहुतेकांचें वाहन होतें. आज विमान, आगगाडी, मोटार व सायकल अशीं चार वाहनें आपल्यापुढें उभीं आहेत. चार माणसें ह्या चार वाहनांनीं एकाच देशांतून गेलीं, तरी चौघांनीं पाहिलेला देश एकच असेल असें समजूं नये. विमानांतला मनुष्य देशाचा नकाशा पाहतो. आगगाडींतला स्टेशनें पाहतो. मोटारींतला रस्ता पाहतो. सायकलीवरचा मनुष्य मात्र माणसें पाहतो, कारण त्याला तासातासाला कोणाची तरी गरज लागते. ह्या गरजेंतच प्रवासाचें खरें शिक्षण आहे, असें आमचें मत आहे. आफ्रिका खंडाच्या खेड्यापाड्यांतून होणाऱ्या सायकलप्रवासाच्या आधारें तें मत विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें मांडावें, आणि त्यावरून आपल्या शाळेसाठीं कांहीं सुचवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

सायकलीवरून पृथ्वीपर्यटन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कोणी युरोपियन गृहस्थ उभा राहतो. वस्तुस्थिति निराळी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले. इराण, इराक, सिरियाकडील वाळवंट, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असा पृथ्वीस वळसा घालून १८ मार्च १९२८ रोजीं त्यांपैकीं तिघे मुंबईस परत आले. आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हीं त्या तिघांचीं नांवें. सुमारें साडेचार वर्षांत त्यांनीं जवळजवळ ७१,००० किलोमीटर अंतर तोडलें. त्यांच्या मागोमाग १९२४ सालीं फ्रामरोझ दावर हे पत्रकार एकटेच निघाले. युरोपांत त्यांना एक सोबती मिळाला, आणि त्या दोघांनीं सहारा वाळवंटही सायकलींनीं पार केलें. पुढें १९३३ सालीं केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे आणखी तिघे मुंबईहून बाहेर पडले. नऊ वर्षें व सुमारें ८४,००० किलोमीटर प्रवास करून ते १९४२ सालीं परतले. त्यांच्या मार्गांत आफ्रिका खंड होतें, व तेथील अरण्यप्रदेशाच्या प्रवासावर त्यांनीं पुस्तकही लिहिलें. आज हीं नांवें फार थोड्यांस ठाऊक आहेत.

ह्याच काळांत काझिमिएर्झ नोवाक नांवाचा पोलंडचा एक गृहस्थ आफ्रिकेंत एकटा हिंडत होता. १९३१ सालीं उत्तरेकडील त्रिपोलीहून निघून तो खंडाच्या दक्षिण टोंकापर्यंत गेला, आणि निराळ्या वाटेनें परत उत्तरेस येऊन १९३६ सालीं त्यानें आपला प्रवास पुरा केला. एकंदर सुमारें ४०,००० किलोमीटर! जेथें सायकल चालली तेथें सायकलीनें, जेथें चालेना तेथें पायीं, घोड्यावर, उंटावर व नावेंत बसून तो गेला. त्या काळचे बहुतेक युरोपियन प्रवासी आफ्रिकेंत शिकारीसाठीं किंवा सत्तेसाठीं जात. नोवाक यानें मात्र तेथील लोकांविषयीं आदरानें लिहिलें आणि परकी सत्ता त्यांना कसें वागविते याविषयीं सडेतोड लिहिलें. आमची समजूत अशी आहे कीं, ह्या फरकाचें कांहीं श्रेय त्याच्या सायकलीला द्यावें लागेल. ज्याच्या हातचें पाणी पिऊन आपण पुढें जातों त्याला हीन लेखणें कठीण असतें.

अशा प्रवासांविषयीं सांगतांना किलोमीटरचे आंकडे सांगण्याचा मोह होतो, व तो आम्हांलाही आवरला नाहीं. परंतु आंकड्यांनीं ह्या गोष्टीचा गाभा कळत नाहीं. स्वतःची भाकरी पाठीशीं बांधून कोणी सत्तर हजार किलोमीटर जाऊं शकत नाहीं. ह्या तरुणांनीं कितीएक विहिरींचें पाणी प्यालें असेल, कितीएक ओसऱ्यांवर रात्र काढली असेल! प्रत्येक सायकलस्वाराच्या नांवामागें शेंकडों यजमान उभे असतात. सायकलस्वाराचें नांव छापलें जातें. यजमानाचें छापलें जात नाहीं.

आतां आफ्रिकेच्या ग्रामीण भागांत सायकलस्वाराचा एक दिवस कसा जातो तें पाहूं. उदाहरणासाठीं युगांडा, केनिया व टांझानियाचा उत्तर भाग घेऊं. हे देश विषुववृत्ताच्या आसपास असल्यामुळें तेथें बाराही महिने दिवस व रात्र जवळजवळ सारखीं असतात, आणि सूर्य मावळला कीं पाहतां पाहतां अंधार पडतो. म्हणून प्रवाशाच्या हातीं मोजून बारा तास असतात. तो पहाटेंच सामान बांधतो. मागच्या चाकाच्या दोहों बाजूंस पिशव्या. त्यांत अंथरूण, एखादें भांडें, कपड्यांचा एक जोड, पंक्चर काढण्याचें सामान, हवेचा पंप, जादा ट्यूब. आणि हाताशीं पाण्याच्या बाटल्या. ऊन चढण्यापूर्वीं अर्धी मजल मारावी, दुपारीं आंब्याच्या सावलींत पडावें, आणि ऊन उतरल्यावर राहिलेली मजल पुरी करावी, असा साधारण क्रम असतो. आपल्याकडील बैलगाडीच्या काळचे लोकही असेच चालत.

डांबरी सडक सुटली कीं तांबड्या मुरुमाचा रस्ता लागतो. मोटारींच्या चाकांनीं त्यावर आडव्या लाटा उठलेल्या असतात, व त्यांवरून जातांना मनगटांपासून मानेपर्यंत हिसके बसतात. चांगल्या सडकेवर दिवसाला शंभर किलोमीटर जाणारा प्रवासी अशा रस्त्यावर पन्नास-साठांवर येतो. कांहीं भागांत जमीन काळी आहे. पाऊस पडला कीं ती माती चाकांत व मडगार्डांत इतकी घट्ट बसते कीं चाक फिरेनासें होतें, आणि ज्या सायकलीनें आपल्याला न्यावयाचें तिलाच खांद्यावर घेऊन चालावें लागतें. केनियांतील रस्ते बांधणारे लोक ह्या मातीस ‘कापसाची काळी माती’ असेंच म्हणतात. औसा किंवा निलंगा तालुक्यांतील शेतकऱ्यास ह्या मातीची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सुक्या भागांत बाभळीचे कांटे ट्यूबमध्यें शिरतात. आपल्या बांधावरची ही बाभूळ मूळ तेथेंही आहे. तिच्या शास्त्रीय नांवांत नाईल नदीचाच उल्लेख आहे.

पण दिवसाचा मुख्य प्रश्न रस्त्याचा नसून पाण्याचा असतो. उन्हांत दिवसभर पेडल मारणाऱ्या माणसाला पांच-सहा लिटर पाणी सहज लागतें. एका लिटरचें वजन एक किलो. तेव्हां सगळें पाणी सकाळींच बरोबर घेणें म्हणजे चढावर स्वतःला शिक्षा करून घेणें होय. म्हणून दोनतीन ठिकाणीं तरी थांबावें लागतें. खेड्याच्या टोंकाला हातपंप असतो. तेथें बायका व मुलें वीस-वीस लिटरचे पिवळे डबे घेऊन रांगेंत उभीं असतात. ह्या रांगेंत धुळीनें माखलेला एक परका मनुष्य येऊन उभा राहतो. त्याला त्यांची भाषा येत नाहीं. त्याच्या खिशांत पैसे असतील, पण पंपावर पैशांचें कांहीं चालत नाहीं. तेथें मागावेंच लागतें. बहुधा कोणीतरी मुलगा पंपाचा दांडा धरतो, कोणी बाई आपला डबा बाजूला घेते, आणि पाहुण्याची बाटली भरून मिळते. त्या बाईला तें पाणी डोक्यावर घेऊन किती दूर जावयाचें आहे, हें पाहुण्याला पाहतां येतें. मोटारीनें गेलेल्या माणसाला हें दृश्य खिडकींतून दिसतें. सायकलस्वाराला तें घशांतून कळतें.

जेवणाचीही तीच कथा. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला घाटा, ज्याला तेथें उगाली म्हणतात, तो हातानें गोळा करून पालेभाजीबरोबर खाल्ला जातो. वाटेंतल्या टपरीवर चहा व चपातीही मिळते, आणि तिला तेथेंही चपातीच म्हणतात. दुकानाला स्वाहिली भाषेंत ‘दुका’ म्हणतात. हे शब्द हिंदुस्थानांतून तिकडे गेलेल्या व्यापाऱ्यांबरोबर व मजुरांबरोबर गेले. १८९६ ते १९०१ ह्या काळांत मोंबासा बंदरापासून आंत जो लोहमार्ग घातला गेला, त्याच्या कामावर सुमारें ३२,००० हिंदी मजूर नेले होते, व त्यांतील पुष्कळ तेथें मरण पावले.

सायंकाळीं निवारा शोधावा लागतो. स्वाहिली बोलणाऱ्या भागांत परक्याच्या अंगणांत एकदम शिरणें असभ्यपणाचें मानतात. बाहेर उभें राहून ‘होडी’ अशी हांक द्यावयाची. ह्या शब्दाचा आपल्या नावेशीं संबंध नाहीं, ‘येऊं का?’ असा त्याचा भाव आहे. आंतून ‘करीबू’, म्हणजे ‘जवळ या’, असें उत्तर येईपर्यंत पाऊल पुढें टाकावयाचें नाहीं. गांवाचा मुखिया, शाळेचा मास्तर किंवा प्रार्थनामंदिराचा पाळक यांना विचारलें म्हणजे अंगणांत तंबू ठोकण्यापुरती जागा बहुधा मिळते. पाहुण्याला दोन दिवस पाहुणा म्हणून वागवावें व तिसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं कुदळ द्यावी, अशी तेथें एक म्हण आहे. आपल्याकडेही तिसऱ्या दिवसापर्यंत राहणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयीं एक म्हण आहे. यावरून दोन्ही देशांतील गृहिणींचा अनुभव सारखाच असावा असें दिसतें!

त्या रस्त्यावर हौशी प्रवाशाहून कितीतरी कुशल सायकलस्वार त्याला भेटतात. कोणी केळ्यांचे घड, कोणी कोळशाचीं पोतीं, कोणी पाण्याचे डबे सायकलीवर लादून चढ चढत असतो; आणि त्या सायकली पुष्कळ वेळां आपल्या लुधियान्याकडून गेलेल्या काळ्या भक्कम सायकलीच असतात. केनिया व युगांडा यांच्या सीमेवर बुसिया येथें माणसांना एका हद्दीवरून दुसऱ्या हद्दीवर नेणाऱ्या सायकलस्वारांमुळें ‘बोडा-बोडा’ हा शब्द रूढ झाला. आतां तो मुख्यतः मोटारसायकलींना लावतात. अशा सायकलींच्या देशांतून थोर खेळाडूही निघाले आहेत. एरिट्रियाच्या बिनियाम गिरमाय यानें २०२४ सालीं फ्रान्समधील जगप्रसिद्ध शर्यतींत हिरवा सदरा जिंकला, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें रस्त्यावरील सायकलशर्यतींचें जागतिक अजिंक्यपद प्रथमच आफ्रिकेंत, रवांडांतील किगाली येथें खेळविलें गेलें.

आफ्रिका म्हटलें कीं सिंह, जंगल व उपासमार एवढेंच आपल्या मुलांना आठवतें, आणि काळ्या वर्णाची थट्टा करण्याची एक वाईट संवय आपल्या समाजांत अद्याप आहे. पण सकाळीं आपण जी ज्वारीची भाकरी खातों ती ज्वारी मूळची आफ्रिकेंतील आहे. सुदानच्या पूर्व भागांत हजारों वर्षांपूर्वीं तिची लागवड सुरू झाली व तेथून ती आपल्याकडे आली. बाजरीही आफ्रिकेंतलीच; चिंचेचें झाडही तिकडचेंच. आणि मराठवाड्यांतील शाळकरी मुलाला मलिक अंबर हें नांव तर ठाऊक असलेंच पाहिजे. हबसाणांत जन्मलेला, लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्यानें १६१० सालीं खडकी शहर वसविलें व त्याला पाणी पुरविण्यासाठीं नहर बांधली. आफ्रिकेंतून आलेल्या एका माणसानें मराठवाड्याला पाणी पाजलें, ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो आफ्रिकेच्या माणसास हंसणार नाहीं.

इतकें सगळें लातुरांत कां सांगावयाचें, असें कोणी विचारील. याचें उत्तर असें कीं, पाणी मागणें म्हणजे काय हें लातुराइतकें दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक आहे? एप्रिल २०१६ मध्यें ह्या शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडींतून सुमारें पांच लाख लिटर व पुढें एका फेरींत पंचवीस लाख लिटर पाणी साडेतीनशें किलोमीटरांवरून आलें. त्यापूर्वीं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें गाडलीं गेलीं, तेव्हां कोणकोणत्या गांवचीं माणसें धांवून आलीं त्याची गणतीच नाहीं. आपला जिल्हा दोनदां जगाच्या दारीं उभा राहिला आणि दोनही वेळां त्याला आंतून ‘या’ असें उत्तर मिळालें. आज शाळेंत बसलेल्या बहुतेक मुलांना ह्यांतील पहिल्या प्रसंगाचें स्मरण असणें शक्य नाहीं, व दुसऱ्याचें असलें तर फार अंधुक. त्यांना त्याची शिकवण दुसऱ्या कोणत्या तरी मार्गानें द्यावयास हवी.

त्याऐवजीं आपण त्यांना काय शिकवितों? लातुराची कीर्ति परीक्षांच्या गुणांवर उभी आहे, व तिचा आम्हांस अभिमान आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें येथें शिकावयास येतात. परंतु पहाटे एका शिकवणीला, सायंकाळीं दुसऱ्या शिकवणीला आणि मध्यें शाळेला जाणारा मुलगा एक गोष्ट नकळत शिकतो: जें हवें तें फी भरून मिळतें, आणि शेजारी बसलेला मुलगा हा आपला प्रतिस्पर्धी आहे. कोणाजवळ कांहीं मागण्याचा प्रसंग त्याच्यावर येतच नाहीं. ज्यानें कधीं मागितलें नाहीं त्याला मागणाऱ्याचें तोंड ओळखतां येत नाहीं. उद्यां तो डॉक्टर किंवा अधिकारी होईल आणि त्याच्या दारांत लोक मागावयास उभे राहतील. त्या दिवशीं त्याचे गुण त्याला उपयोगीं पडणार नाहींत.

आणखी एक गोष्ट आहे, व ती आम्ही स्पष्ट लिहितों. आपल्या देशांत पाणी हें कधींच नुसतें पाणी नव्हतें. मुंबईचे तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते आणि परमुलुखांतील माणसें त्यांच्या तहानेला उत्तर देत होतीं, त्याच काळांत, २० मार्च १९२७ रोजीं, महाड येथें चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावतां यावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या बांधवांसह सत्याग्रह करावा लागला. कायदा बदलला, पण कोणाच्या हातचें पाणी घ्यावयाचें हा विचार मनांतून पुरता गेला आहे असें म्हणवत नाहीं. ख्रिस्ती वाचकांस शोमरोनी स्त्रीची कथा ठाऊक आहे. प्रवासानें थकलेला प्रभु विहिरीपाशीं बसला व ज्या समाजाशीं त्याचे लोक व्यवहार ठेवीत नसत त्या समाजांतील स्त्रीपाशीं त्यानें पाणी मागितलें. त्यानें प्रथम उपदेश केला नाहीं, प्रथम मागितलें. देणारा होणें सोपें आहे, त्यांत मोठेपणा मिळतो. घेणारा होण्यास भेद विसरावा लागतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शाळेनें वर्षांतून एक दिवस लांबच्या सायकलप्रवासाला द्यावा. आफ्रिकेस जाण्याची गरज नाहीं. पौष महिन्यांत, शेतांत हुरडा तयार असतो त्या दिवसांत, एखाद्या शनिवारीं निघावें; रविवार उपासनेचा असल्यामुळें तो मोकळा ठेवावा. लहानांनीं औशाचा किल्ला पाहून परत यावें. जाऊन येऊन तें अंतर सुमारें चाळीस किलोमीटर होतें. मोठ्यांनीं व ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनीं खरोशाच्या लेण्यांपर्यंत जावें. ही शर्यत नसावी. प्रथम येणाऱ्यास बक्षीस नसावें. सर्वांत मागें राहिलेल्याच्या चालीनें सर्वांनीं जावें.

पालकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप अपघाताचा, आणि तो खरा आहे. ह्याच दिवसांत उसानें भरलेले ट्रॅक्टर रस्त्यांवर असतात, व मोठ्या रस्त्यांवर वाहनांचा वेग भयंकर असतो. म्हणून मोठा रस्ता शक्य तितका टाळून गांवांना जोडणाऱ्या रस्त्यांनीं जावें, सूर्य उगवल्यावर निघून सूर्य मावळण्यापूर्वीं परतावें, एका रांगेंत चालावें, डोक्यावर शिरस्त्राण असावें, आणि दहा-बारा मुलांमागें एक शिक्षक असावा. आधीं महिनाभर ब्रेक, चेन व टायर यांची तपासणी आणि पंक्चर काढणें हें मुलांनींच शिकावें. सावधगिरी शिकविणें हें शाळेचें कामच आहे. मुलाला घरांत ठेवल्यानें ती शिकविली जात नाहीं.

दुसरा आक्षेप अभ्यास बुडण्याचा. त्या एका दिवसांत भूगोल, विज्ञान व इतिहास हे तीनही विषय वाटेवर भेटतात. चढावर गिअर कां बदलावा लागतो, समोरचा वारा किती शक्ति खातो, काळ्या मातींत विहीर किती खोल जाते, हें पुस्तकांत वाचलेलें मूल विसरतें. पायांनीं शिकलेलें विसरत नाहीं.

तिसरा आक्षेप मुलींविषयीं निघेल. त्यांना घरीं ठेवावें असें सुचविणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. आफ्रिकेंत झांबियाच्या ग्रामीण भागांत शाळकरी मुलींना सायकली दिल्या, तेव्हां त्यांचा येण्याजाण्याचा वेळ सुमारें एक-तृतीयांशानें घटला व गैरहजेरी २८ टक्क्यांनीं कमी झाली, असें अभ्यासकांस आढळून आलें. आपल्या राज्यांतही मानव विकास कार्यक्रमाखालीं मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या आहेत. दुसरी गोष्ट अशी कीं, मूळच्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें २०१८ सालीं १५९ दिवसांत सुमारें २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीस वळसा घातला. ज्या मुली रोज पांच किलोमीटर सायकलीनें शाळेंत येतात त्याच खरें म्हणजे ह्या सहलीच्या पुढारी व्हाव्या. शहरांत स्कूटरच्या मागें बसून येणाऱ्या मुलांनीं त्यांच्यापासून शिकावें.

ह्या सहलीला नियम दोनच असावेत. पहिला असा कीं, बाटलीबंद पाणी विकत घेऊं नये. घरून एकच बाटली भरून निघावें, व ती संपली म्हणजे जें घर प्रथम लागेल त्याच्या दाराशीं उभें राहून नम्रपणें पाणी मागावें. घर मोठें आहे कीं झोंपडी, वस्ती गांवांतली आहे कीं गांवाबाहेरची, देणाऱ्याचें आडनांव काय, हें विचारूं नये. ज्यांच्या प्रकृतीस जपावें लागतें त्यांच्यासाठीं शिक्षकांजवळ उकळलेलें पाणी असूं द्यावें. पण मागण्यांतून कोणास सूट नसावी. दुसरा नियम असा कीं, ज्यानें पाणी दिलें त्याच्यापाशीं घटकाभर बसावें, त्याच्या विहिरीचें, पिकाचें व मुलाबाळांचें वर्तमान विचारावें, त्याची अनुमति असल्यास त्याचें नांव वहींत लिहून घ्यावें, आणि लातुरास आल्यास आमच्या घरीं अवश्य या, असें सांगून निघावें. तो खरोखर आला, तर त्या दिवशीं घरांतील मोठ्या माणसांचीही परीक्षा होईल.

पालकहो, ह्या सूचनेचा सहानुभूतीनें विचार करावा. विद्यार्थिमित्रहो, आपल्या सायकलीचे ब्रेक आजच पाहून ठेवा. आणि संपादकांस आमची एक विनंति आहे: अशी सहल झाली, तर पुढील वर्षाच्या अंकांत किती किलोमीटर झाले व कोण पुढें होता हें छापण्यांत जागा घालवूं नये. मुलांच्या वह्यांतून उतरून घेऊन, ज्यांनीं ज्यांनीं पाणी दिलें त्यांचीं नांवें, गांवांसह, एका पानावर छापावीं.